विश्वेश्वरय्यांनी एवढं मोठं धरण सिमेंटशिवाय का बांधलं? पांझरेपासून सुरू झालेली गोष्ट

दरवर्षी १५ सप्टेंबरला आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. पगडी घातलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, खाली अभियंता दिनाच्या शुभेच्छा, आणि आम्ही धुळ्याची मुलं म्हणून एक जादा ओळ: आपलं धुळे शहर यांनीच आखलं. मीही ती ओळ बरीच वर्षं न तपासता पुढे पाठवत होतो. यंदा घराच्या एका भिंतीमुळे त्यांच्याबद्दल नीट वाचायची वेळ आली.

भिंतीचं आधी सांगतो. आमचं घर जुन्या धुळ्यात, गल्लीतलं. खाली काळा दगड आणि माती, वर चुन्यात बसवलेल्या विटा, सागवानी खांब, माडीवर कडीपाट आणि त्यावर मातीचं धाबं. सात-आठ वर्षांपूर्वी जुना चुन्याचा गिलावा पोपडे सोडायला लागला म्हणून घरच्यांनी तो खरवडून सिमेंटचं प्लास्टर केलं आणि वर चकचकीत प्लॅस्टिक पेंट मारला. तीन पावसाळे घर नव्यासारखं दिसलं. मग रंगाला फोड आले, बोटाने ठोकलं की पोकळ आवाज यायला लागला, खालून लोणा वर चढला. गेल्या वर्षी रात्री दोन वाजता प्लास्टरचा दरवाजाएवढा तुकडा आजीच्या खाटेवर पडला. आजी त्या दिवशी लग्नाला नंदुरबारला गेली होती, म्हणून वाचली.

एका ठेकेदाराने सांगितलं, सगळं पाडा, आरसीसी करा. दुसरा म्हणाला, आधीपेक्षा भारी सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगचं केमिकल लावू. आजी घर सोडायला तयार नाही. आणि काकांनी वादात थेट विश्वेश्वरय्यांनाच ओढलं: असा माणूस आज असता तर त्याने डोळे झाकून सिमेंटच वापरलं असतं. बोलायला मुद्दा बिनतोड होता. मी तपासायला बसलो.

आधी त्या फॉरवर्डचा निकाल

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे मुख्य ठाणं म्हणून निवडलं, कारण ते मधोमध होतं आणि आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. जुन्या वस्तीला लागून त्याने नवी पेठ आखली आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना वसायला बोलावलं. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६० चा. म्हणजे शहराची आखणी झाली तेव्हा त्यांच्या जन्माला चाळीस वर्षं अवकाश होता. फॉरवर्ड बाद.

पण ते खानदेशात आले होते हे खरं आहे, आणि त्यांच्या नोकरीची अगदी सुरुवातीची वर्षं इथे गेली.

जन्म मुद्देनहळ्ळीचा, आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळचं खेडं. वडील संस्कृतचे पंडित. मुलगा शाळेत असतानाच ते वारले. बंगळूरला मामांच्या आधाराने आणि शिकवण्या घेऊन त्यांनी १८८१ मध्ये बी.ए. केलं. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंगला आले, म्हणजे आपण ज्याला आज सीओईपी म्हणतो तिथे. १८८३ च्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. वय तेवीस. थोडे दिवस नाशिक, मग खानदेश, मुक्काम धुळे.

तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले, त्यातले आजचे जळगाव आणि धुळे.

पांझरेखालून पाणी

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी दातर्ती नावाचं गाव आहे. पांझरेवर शेकडो वर्षांपासून बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटांवर फड पद्धतीची शेती चालत आलीय: सगळ्या शेतकऱ्यांची जमीन फडांत वाटायची, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाळीने द्यायचं. इथे विश्वेश्वरय्यांना पाटाचं पाणी एका प्रवाहापलीकडे न्यायचं काम मिळालं.

पाणी ओढ्यापलीकडे न्यायचं तर एक मार्ग वरून, म्हणजे पूल बांधून त्यावरून पाट नेणं. दुसरा खालून, म्हणजे सायफन. पाटाचं पाणी एका काठावर नळात शिरतं, नळ ओढ्याच्या तळाखालून जातो आणि पलीकडे पुन्हा वर येतो. पंप लागत नाही. इकडची पातळी तिकडच्यापेक्षा थोडी उंच ठेवली की पाणी स्वतःच्याच दाबाने पलीकडे चढतं. गवंडी दोन टोकांची लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो, तेच तत्त्व. अवघड भाग वेगळाच असतो: नळ वाहत्या ओढ्याच्या तळात खणून बसवायचा.

काम चालू असताना पावसाळा लागला. खणलेला चर पूर आला की वाळूने भरून जायचा. तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवलं की काम पाऊस संपेपर्यंत थांबवावं. उत्तर रागाचं आलं. नोकरीच्या सुरुवातीलाच हा मुलगा कामात उत्साह दाखवत नाही, असा त्याचा सूर होता. त्यांनी वाद वाढवला नाही. नदीशी झुंजत काम पुरं केलं, आणि मग त्याच वरिष्ठांचं मत बदललं.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी जिद्दीची म्हणून सांगतात. मला पहिल्या पत्राचं जास्त कौतुक वाटतं. नदी आत्ता काय करतेय हे बघून त्यांनी कामाबद्दल मत बनवलं होतं, आणि नव्या नोकरीत ते लेखी कळवायची हिंमत केली होती. सॉफ्टवेअरमध्ये मी असा मेल पाठवलेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज नको, हे सुद्धा मी मनातच म्हणतो.

धरण तेच, पाणी जास्त

खानदेशानंतरचा त्यांचा प्रवास लांब आहे, भराभर सांगतो. सिंधमधल्या सक्करला गाळाने भरलेल्या सिंधू नदीतून शहराला स्वच्छ पाणी द्यायचं होतं. त्यांनी नदीकाठची वाळूच गाळणी म्हणून वापरली आणि विहिरीत झिरपून आलेलं पाणी उचललं. एडनच्या पाण्यासाठी सरकारने त्यांना तिकडे पाठवलं. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं, तेव्हा निजामाने त्यांना बोलावलं. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यांच्या योजनेतून आले.

मधलं एक काम मात्र मी सोडणार नाही. पुण्याजवळ खडकवासल्याचा तलाव, तेव्हाचं नाव लेक फाइफ. दगडी धरण १८७० च्या दशकातलं, चुन्यात बांधलेलं. पाणी कमी पडायला लागलं होतं. सरळ उपाय म्हणजे भिंत उंच करायची. पण जुनी भिंत ठरावीक दाबासाठी बांधलेली. वर नवं बांधकाम रचलं आणि मोठा पूर आला तर जास्तीचं सगळं ओझं त्या जुन्या चुन्यावर येणार.

त्यांनी भिंतीला हात लावला नाही. सांडव्यावर आपोआप चालणारे लोखंडी दरवाजे बसवले. एरवी दरवाजे बंद, त्यामुळे तलावात आठ फूट जास्त पाणी साठायचं. पूर येऊन पातळी ठरलेल्या रेषेवर गेली की तेच पाणी वजनांचा तोल बदलायचं आणि दरवाजे उघडायचे. पाणी उतरलं की पुन्हा बंद. ना वीज, ना सेन्सर, ना रात्रपाळीचा माणूस. १९०३ च्या सुमाराला ते बसले. त्यांनी पेटंट घेतलं, पण सरकारी कामावर असल्यामुळे रॉयल्टी घेतली नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरवरही तशीच दारं लागली.

लोखंड नवं, चुना जुना. नव्याची ताकद जुन्याच्या अंगावर न टाकता वापरली होती. इथे मी काकांना पहिला मेसेज केला. त्यांनी अंगठा पाठवला, म्हणजे वाचलं नाही.

सुरखी म्हणजे काय

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे चीफ इंजिनिअर झाले आणि १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागरचं काम सुरू झालं. एकशेतीस फूट उंच धरण, आणि ते बांधलं सुरखीत.

सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. ती चुन्यात का घालायची? साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो, म्हणजे घट्ट व्हायला त्याला हवा लागते. धरणाच्या पोटात, जिथे भिंत कित्येक फूट जाड आहे आणि सतत पाणी आहे, तिथे हवा पोचणार कुठून? विटेच्या पुडीत भाजलेल्या मातीचे सिलिका आणि अॅल्युमिना असतात. ते चुन्याशी थेट रासायनिक क्रिया करतात, हवेशिवाय, पाण्याखालीसुद्धा. रोमन लोक यासाठी ज्वालामुखीची राख वापरायचे. आपल्याकडे वीट होती.

तेव्हा सिमेंट मुख्यतः बोटीने परदेशातून यायचं आणि महाग पडायचं. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. म्हणून काका म्हणतात त्यात तथ्य आहे: सुरखी निवडण्यामागे पैसा होता. पण फक्त तेवढंच नाही. सिमेंट घट्ट होताना बरीच उष्णता सोडतं आणि मोठ्या बांधकामात ती आत कोंडून तडे जातात. सुरखी-चुना सावकाश घट्ट होतो, कमी तापतो, थोडं हलणं सहन करतो. वर माती, चुनखडी, सरपण आणि माणसं सगळं जवळचं. धरण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरं झालं आणि आजही उभं आहे.

आणि हा माणूस जुन्याच्या प्रेमात अजिबात नव्हता. १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाण असताना त्यांनी बँक काढली, विद्यापीठ काढलं, पुढे भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना चालवला. देशाने कारखाने उभारावेत म्हणून आयुष्यभर लिहीत-बोलत राहिले. त्यांना कोणी परंपरावादी म्हटलं असतं तर ते चिडले असते, असं मला वाटतं. म्हणूनच त्यांची सुरखी मला महत्त्वाची वाटते. तिच्यामागे भावना नव्हती, हिशेब होता.

आमच्या भिंतीचा हिशेब

दुकानात सिमेंटच्या गोणीवर ४३ किंवा ५३ लिहिलेलं असतं. ५३ ग्रेड म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटन दाब सोसणारं. आपण मोबाइल घेताना मेगापिक्सेल बघतो तसं लोक हा आकडा बघतात आणि मोठा घेतात. पण आमची भिंत मातीची, चुन्याची आणि कमी भाजलेल्या विटांची. तिची ताकद त्या आकड्याच्या जवळपासही नाही, आणि तिला तेवढी गरजही नाही.

तिची गरज वेगळी. जुन्या घरांना खाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, जसं चहात बुडवलेल्या बिस्किटात चढतं. चुन्याचा गिलावा बारीक छिद्रांचा असतो, त्यातून ते पाणी उडून जातं. सोबत आलेले क्षार गिलाव्यात साठतात आणि त्याचे पोपडे पडतात. म्हणजे पोपडे पडणं हे गिलाव्याचं कामच होतं. तो झिजायचा आणि भिंत वाचायची. घरच्यांनी तेच दुखणं समजून खरवडलं.

सिमेंट आणि प्लॅस्टिक पेंटने बाहेरची वाट बंद केली. पाणी आणखी वर चढलं. क्षार प्लास्टरच्या मागे, थेट विटेत, स्फटिक होऊन फुगले. त्यात धुळे-जळगावचा उन्हाळा: भिंत दिवसा तापते, रात्री निवते, थोडी हलते. चुना तिच्यासोबत हलतो. सिमेंट कडक, त्याला केसासारख्या भेगा पडतात. पावसाचं पाणी भेगेतून आत जातं आणि बाहेर येत नाही. शेवटी प्लास्टर पडलं तेव्हा विटांचे चेहरे सोबत घेऊन पडलं. आमच्याकडे आणखी एक भर: गल्लीतला रस्ता दरवेळी जुन्यावर नवा थर टाकून होत गेला आणि घराचं जोतं रस्त्याच्या खाली गेलं. पाणी भिंतीपाशीच थांबतं. त्यावर कुठलंही केमिकल चालणार नाही, आधी पाण्याला वाट हवी.

ज्यांची घरं धुळ्याच्या गल्ल्यांत, जळगावच्या जुन्या पेठांत, किंवा धरणगाव-अमळनेरच्या वाड्यांत आहेत त्यांना सिमेंट टाळा असं मी म्हणत नाहीये. आमच्या काळ्या कापसाच्या जमिनीत नवी खोली उभी करायची तर आरसीसीच करा. ती माती पावसात फुगते, उन्हात आकसते, साधा पाया टिकत नाही. बाथरूम नवा बांधताय, सिमेंट घ्या. फक्त नवं आरसीसी जुन्या भिंतीत ठोकून अडकवू नका. दोन्ही वेगवेगळ्या चालीने बसतात, जोडावर भेग पडतेच. मध्ये सांधा ठेवायला इंजिनिअरला सांगा.

जुन्या भिंतीला मात्र चुनाच. तोही आज जुन्या पद्धतीने घाणीत बैल फिरवून करायची गरज नाही. बांधकामाच्या चुन्याला भारतीय मानक आहे, आयएस ७१२, त्यात चुन्याचे वर्ग दिलेत. काही चुने पाण्यातही घट्ट होतात, काहींना सुरखी लागते. आणि सुरखीचा आजचा भाऊबंद आपल्याच खानदेशात ढिगाने पडलाय: भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रातली कोळशाची राख. फ्लाय अॅश चुन्यासोबत तीच क्रिया करते. बाजारातल्या पीपीसी सिमेंटमध्ये ती असतेच. राखेच्या विटाही मिळतात; नव्या भिंतीला चांगल्या, पण जुन्या भिंतीतली फुटलेली वीट बदलायला शक्यतो जुन्यासारखीच वीट शोधा. रंगाला चुन्याची सफेदी, किंवा निदान असा रंग ज्यातून वाफ बाहेर जाते. डबा विकत घेताना दुकानदाराला एवढं एकच विचारा. पत्र्याचं छत टाकणार असाल तर धाबं उतरवायची घाई करू नका; त्यावर पत्रा नीट उतारात बसवला तर माती कोरडी राहते आणि खालची खोली दुपारी भट्टी होत नाही.

खर्च? खोटं बोलत नाही, चुन्याचं काम मजुरीला महाग पडतं. ते येणारा गवंडी शोधायला आम्हाला दोन महिने लागले. सापडले ते बाबा सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांचा मुलगा टाइल्स बसवतो.

विश्वेश्वरय्यांना १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. नव्वदी ओलांडल्यावरही ते बिहारमध्ये गंगेवरच्या पुलाची जागा पाहायला गेले होते. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी पार करून ते गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याची भिंतही गेली. तो लोंढा त्या तलावाच्या हिशेबात कधीच नव्हता.

काकांसोबत शेवटी तडजोड अशी झाली. घर पाडायचा निर्णय एक वर्ष पुढे. आजीच्या खोलीची एकच भिंत आधी करायची. मार्चमध्ये सिमेंट काढलं, बाहेरून जोत्यालगत चर खणून पाणी नालीकडे वळवलं, आणि भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. मे महिन्यात तिच्यावर पांढरा क्षार इतका आला की आजी रोज सकाळी खराट्याने झाडायची. कळीचा चुना मागच्या अंगणात हौदात भिजत होता, गवंडीबाबांनी त्याला महिनाभर हात लावू दिला नाही. पहिला थर जूनच्या पहिल्या आठवड्यात चढला. काका रोज संध्याकाळी येतात, भिंतीला बोटाने ठोकतात, आवाज ऐकतात आणि काही न बोलता चहा मागतात. दुसरा थर अजून व्हायचाय. पाऊस सुरू झालाय.